शेलारवाडीचं न कोरलेलं लेणं

परंदवडीच्या शिवारात कुणी विहीर खणायला घेतली, की वरच्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली कातळ. त्या कातळाच्याही तऱ्हा असतात. कुठे सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण, कुठे पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा, पहारीला सुटणारा मांजऱ्या, आणि मधेच कधीतरी विटकरी मातीचा पट्टा. खणणाऱ्याला या थरांवरून पाण्याचा अंदाज येतो. भूवैज्ञानिक त्याच थरांवरून काळ वाचतो. कातळाचे थर म्हणजे लाव्हाचे लोट. विटकरी पट्टा म्हणजे दोन लोटांच्या मधली उसंत, उघड्या पडलेल्या खडकाची माती होण्याइतकी लांबलेली. मावळातला शेतकरी, रस्त्याचा ठेकेदार, बोअर मारणारा हे सगळे रोज ज्वालामुखीच्या अंगावरच काम करत असतात. ज्वालामुखी हा शब्द मात्र इथे सहसा कुणाच्या तोंडी येत नाही, कारण शंकूसारखा उभा, धूर ओकणारा डोंगर मावळात कुठेच नाही.

परंदवडीहून सोमाटणे फाट्यावर यावं आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं पुण्याकडे वळावं. थोड्याच अंतरावर घोराडेश्वराचा डोंगर लागतो. पायथ्याला शेलारवाडी, बाजूनं लोहमार्ग, बेगडेवाडी आणि घोरावाडी ही दोन छोटी स्थानकं. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, रविवारी सकाळी तळेगाव-देहूरोडकडची माणसं पाय मोकळे करायला चढून येतात. वर बौद्ध लेणी आहेत, त्यातल्या चैत्यगृहात आता शिवलिंग आहे. मावळात लेणं म्हटलं की छिन्नी-हातोडा डोळ्यांपुढे येतो. कार्ला, भाजे, बेडसे, सगळीकडे तेच.

याच डोंगरात एक पोकळी अशी आहे, जिला माणसाची छिन्नी लागलेली नाही. लांबी २० मीटर, म्हणजे खालून धावणाऱ्या पुणे-लोणावळा लोकलच्या एका डब्याएवढी. रुंदी जास्तीत जास्त १०८ सेंटिमीटर, साडेतीन फूट. छत इतकं खाली, की मोठ्या माणसानं ताठ उभं राहायचा विचारच करू नये. आडवा छेद घेतला तर कुठे पुरता गोल, कुठे अर्धगोल. उत्तरेकडच्या भागात धड उजेड नाही आणि धड अंधारही नाही. ही पोकळी लाव्हानं स्वतः करून ठेवली आहे. दख्खनच्या ज्वालामुखी प्रदेशातल्या लाव्हा गुहेची पहिली तपशीलवार शास्त्रीय नोंद याच बिळाची झाली, आणि ती झाली २०१६ साली.

या वीस मीटरांना दोन इतिहास आहेत. एक काही दिवस-आठवड्यांचा आणि दुसरा दोन हजार वर्षांचा.

पहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांमागे घडला. तेव्हा आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या भागावरून उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या उष्ण द्रव्यानं इथलं कवच फाटलं. लाव्हा एका डोंगराच्या तोंडातून उसळला नाही, तो लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि पसरत गेला. एकावर एक लोट साचत गेले. इतकं झिजूनही आज त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे, आणि पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या अंगाला, त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांपेक्षा कमी काळात ओतला गेला, असं अलीकडची कालमापनं सांगतात. डायनोसॉर संपले तेही याच सुमाराला. त्यांच्या अंतात मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या दख्खनच्या लाव्हाचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

हे आकडे मोठे आहेत, आणि मोठ्या आकड्यांत लाव्हा नेमका कसा वाहिला हे हरवून जातं. ते समजायला गुऱ्हाळ बरं. काहिलीतला उकळता पाक वाफ्यात ओतला की क्षणात वर साय धरते. बोट लावलं तर साय निवलेली वाटते, पण खाली पाक तापलेलाच असतो. वाफा कलता असेल आणि साय कुठे फाटली, तर आतला पाक तिथून निघून जातो आणि वरची साय मागे पोकळ उरते. पातळ बेसाल्टी लाव्हा अगदी असाच वागतो. हजार अंशांवर तापलेला लोट हवेला लागला की वरून गोठतो. हवाई बेटांवर शास्त्रज्ञांनी ही साय प्रत्यक्ष मोजली आहे: एक मीटर जाड कवच धरायला साधारण सात दिवस लागतात. कवच धरलं की ते आतल्या लाव्हाचं पांघरूण होतं. आतली उष्णता बाहेर जात नाही, लाव्हा आतून येतच राहतो, कवच पुरीसारखं वर फुगतं. पुढे टोकाला कुठेतरी ते फुटतं, तिथून लाव्हाची नवी जीभ बाहेर येते, तीही गोठते, तीही फुगते. अशा लाव्हाला हवाईतल्या लोकांनी पाहोएहोए म्हटलं. जगभरच्या भूविज्ञानानं तो शब्द जसाच्या तसा उचलला.

घोराडेश्वरी नेमकं हेच झालं. तिथली जमीन त्या वेळी उत्तरेकडे थोडी उतरती होती. आज बिळाचं तोंड ज्या पूर्वेच्या अंगाला दिसतं, तिकडून लोट पुढे आला. एक जीभ फुगली, तिच्यावर कवच चढलं, आणि मागून येणारा लाव्हा थांबल्यावर आतला होता तो उतारानं निघून गेला. कवच जागेवर राहिलं. त्या आधी किती लोट आले आणि नंतर किती, याचा हिशेब डोंगराच्या थरांत आहे, पण या पोकळीचं स्वतःचं काम फार तर काही आठवड्यांत उरकलं असणार. मग तिच्यावर आणखी लाव्हा चढला. सहा कोटींवर वर्षं डोंगर झिजत गेला, तेव्हा कुठे तिचं तोंड उजेडात आलं.

हवाईतली काझुमुरा ही अशीच लाव्हा गुहा ६५ किलोमीटर लांब मोजली गेली आहे. तिच्यापुढे घोराडेश्वरचे वीस मीटर नगण्य वाटतील. पण काझुमुराचं वय काही शतकांचं आहे. कोट्यवधी वर्षांच्या लाव्हात अशा पोकळ्या सहसा टिकत नाहीत. वरचं ओझं त्या दाबून टाकतं, नंतरचा लाव्हा त्या भरून काढतो, पाझरणारं पाणी त्यांत गारगोट्या आणि झिओलाइटचे स्फटिक वाढवून त्या बुजवतं. पुण्याच्या परिसरात लाव्हाच्या अशा लहानसहान पोकळ्या इतरत्रही दिसल्या आहेत. पण माणूस सरपटत आत जाऊ शकेल अशी, आरपार मोजता येणारी पोकळी उरणं ही नशिबाची गोष्ट.

लाव्हाच्या गुहेबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती ऐकल्यावर पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. आगीनं केलेल्या या पोकळ्यांत जगात कितीतरी ठिकाणी बारमाही बर्फ असतो. जपानमध्ये ८६४ साली फुजी पर्वताच्या वायव्य अंगाला मोठा उद्रेक झाला. लाव्हा सेनोउमी नावाच्या तळ्यात घुसला आणि तळ्याचे दोन तुकडे झाले. त्या लाव्हावर आज आओकिगाहाराचं दाट जंगल उभं आहे, आणि जंगलाखाली नारुसावाची बर्फगुहा. तिथलं सरासरी तापमान तीन अंशांच्या आसपास असतं. हिवाळ्याच्या शेवटी छतावरून ठिबकणारं पाणी गोठून माणसाहून उंच बर्फाचे खांब उभे राहतात. शेजारच्या फुगाकु गुहेत तर विसाव्या शतकापर्यंत रेशमाच्या किड्यांची अंडी ठेवत असत, उन्हाळ्यात ती अवेळी उबू नयेत म्हणून. दोन्ही गुहांना १९२९ साली राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. इटलीत एटना ज्वालामुखीवर १६१४ ते १६२४ अशी दहा वर्षं चाललेल्या उद्रेकानं जी जमीन केली, तिच्यातही सुमारे दोन हजार मीटर उंचीवर एक बर्फाची गुहा आहे. पायाखाली जिवंत ज्वालामुखी आणि पोटात बर्फ.

यामागची युक्ती रांजणासारखी आहे. गुहेचं तोंड वर आणि पोट खाली असेल तर हिवाळ्यातली थंड, जड हवा आत उतरून तळाशी बसते. उन्हाळ्यातली गरम हवा हलकी, ती खाली शिरूच शकत नाही. भोवतीचा लाव्हा बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, म्हणून उष्णता सहज आत येत नाही. त्यात वरून पाणी ठिबकलं की ते गोठतं. एकदा गोठलं की तो बर्फच पुढच्या उन्हाळ्यात गुहेला थंड ठेवतो.

मग घोराडेश्वरच्या बिळात बर्फ का नाही? कारण युक्तीला भांडवल लागतं, आणि ते भांडवल म्हणजे शून्याखालचा हिवाळा. पुण्याच्या नोंदवलेल्या इतिहासातला सर्वांत थंड दिवस १७ जानेवारी १९३५. त्या दिवशीही पारा १.७ अंशांवर थांबला. पुण्याचं वर्षाचं सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास, आणि खोल गुहेचा खडक साधारणपणे त्या सरासरीलाच धरून राहतो. म्हणून वैशाखात बाहेर चाळिशी गाठणारं ऊन असताना आत शिरलेल्याला गारवा लागतो, पण बर्फाचा कण इथे कधी धरायचा नाही. महाराष्ट्रात बर्फ आला तो जहाजानं. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ साली 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला बर्फ धाडला, आणि लवकरच मुंबईलाही अमेरिकेतल्या तळ्यांवरून करवतीनं कापलेला, भुशात दडपलेला बर्फ उतरू लागला.

मावळातल्या कातळानं साठवलं ते पाणी. इथून दुसरा इतिहास सुरू होतो.

इसवी सनाच्या आगेमागे मावळ हा वर्दळीचा मुलूख होता. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल बोरघाटानं वर चढायचा आणि देशावर पांगायचा. घाटमाथ्यावर भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली, मग बेडसे, मग कार्ल्याचं भव्य चैत्यगृह, सुमारे १२४ फूट लांब. कार्ल्याच्या सातवाहनकालीन शिलालेखात या प्रदेशाचं नाव येतं: मामाल. मावळ हा शब्द त्याच नावातून उतरला. म्हणजे परंदवडीच्या सात-बारावर आज तालुका म्हणून जो शब्द छापलेला असतो, तो दोन हजार वर्षांपूर्वी कातळात खोदलेला आहे.

शेलारवाडीची लेणी या सगळ्यांत साधी. कार्ल्यासारखे हत्तींवर बसलेल्या दांपत्यांचे स्तंभ इथे नाहीत, बेडशासारखा उंच व्हरांडाही नाही. पण इथे एक शिलालेख आहे, आणि मावळच्या माणसानं तो आवर्जून समजून घ्यावा असा आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. धेनुकाकटाला राहणारा उसभणक नावाचा एक कुटुंबिक. त्याचा धंदा सांगितला आहे हालकीय, म्हणजे नांगर धरणारा. त्याची बायको सियगुतणिका. तिनं आपला मुलगा, गृहपती नंद, याच्यासह हे लेणं दान दिलं.

दान देणारी बाई आहे, आणि ती नांगऱ्याच्या घरातली आहे. कार्ल्याला राजे, राजजामात, व्यापारी, यवन असे किती तरी दाते आहेत, त्यांची नावं पुस्तकांतून वारंवार येतात. शेलारवाडीला मात्र शेतकऱ्याच्या बायकोनं कातळ कोरून घेण्याइतकं धन बाजूला काढलं आणि आपलं नाव नवऱ्याच्या नावासकट तिथे लिहवून घेतलं. कुटुंबिक या शब्दातूनच पुढे कुणबी हा शब्द आला असं अनेक अभ्यासक मानतात. धेनुकाकट नेमकं कुठे होतं यावर मात्र आजही एकमत नाही. कार्ल्याच्या खांबांवर त्या गावच्या दात्यांची नावं दाटीनं कोरलेली आहेत, तेव्हा ते लहान गाव नसणार. दान दिलेल्या वस्तूला त्या काळचे हे शिलालेख लेण म्हणतात. आपण आजही तोच शब्द वापरतो, फक्त शेवटी अनुस्वार चढलाय.

सियगुतणिकेच्या कारागिरांनी हाच डोंगर का निवडला? रस्ता जवळ, भिक्षेला गावं जवळ, पाणी खोदून ठेवता येण्याजोगं, ही कारणं तर आहेतच. लेण्यांच्या शेजारी कातळात टाकी खोदलेली असतात. त्या काळच्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हणतात. पावसाचं पाणी त्यांत उतरतं आणि कातळाच्या सावलीत उन्हाळ्यापर्यंत पुरतं. भिक्षूंचा वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी काढायचे, आणि मावळच्या पावसात कोरडी, वारा न लागणारी जागा म्हणजे कातळाचं पोट.

पण २०१६ च्या अभ्यासानं आणखी एक कारण पुढे ठेवलं. घोराडेश्वरची बौद्ध लेणी ज्या लाव्हात खोदली आहेत तो याच पाहोएहोए जातीचा. त्या लाव्हात अशा तयार पोकळ्या होत्या, माणसानं त्यांचा फायदा घेतला आणि गरजेप्रमाणे त्या कोरून वाढवल्या, असं संशोधकांनी म्हटलं आहे. हे अनुमान आहे. साडेतीन फुटी बिळातून थेट चैत्यगृह निघत नाही. तरी ते पटण्याजोगं आहे, कारण कातळ फोडणाऱ्या माणसाला दगडाचा स्वभाव सगळ्यांत आधी कळतो. लाव्हाची एक जीभ कुठे संपते, दुसरी कुठे तिच्यावर चढते, सांधा कुठे आहे, घण मारल्यावर कुठे पोकळ वाजतं, हे वडाराला आजही कानानं कळतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सेलवढकींना, म्हणजे दगडावर काम करणाऱ्या सुतारांना, ते कळत नसेल असं मानायला काहीच आधार नाही. डोंगरात तयार कोनाडा दिसला, तिथे आधी कुणी एकटा श्रमण पावसाळा काढून गेला, मग शेजारी छिन्नी चालली, ही कल्पना मावळच्या डोंगरात उभं राहिल्यावर अगदी साधी वाटते.

भिक्षू गेले, डोंगर मात्र ओस पडला नाही. चैत्यगृहातला स्तूप गेला आणि त्या जागी शिवलिंग आलं. इथल्या एका लेखात शके १३६१, सिद्धार्थी संवत्सर असा काळ नोंदलेला आहे, म्हणजे इसवी सन १४३९. तोवर इथे शिवभक्तांची ये-जा रुळली होती. पुढे दोनशे वर्षांनी देहूचे तुकोबा एकांतासाठी भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर या तीन डोंगरांवर बसत, असं वारकरी परंपरा सांगते. देहू इथून हाकेच्या अंतरावर. श्रमण, शैव, वारकरी, प्रत्येकाला या काळ्या खडकातला निवांतपणाच हवा होता.

हा खडक मुळात काय आहे, हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकात विचारला गेला. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी दख्खनभर हिंडला. पिकं, पक्षी, पाऊस, माणसं, सगळं त्यानं टिपलं. १८३३ साली त्यानं लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीपुढे दख्खनच्या दगडाचं वर्णन मांडलं. पायऱ्यांसारखे एकावर एक आडवे थर पाहून या दगडाला ट्रॅप हे नाव लागलं. स्वीडिश भाषेत पायरीला असलेल्या शब्दातून ते आलं आहे. जगभरचं भूविज्ञान आजही आपल्या सह्याद्रीला त्याच नावानं ओळखतं. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि घोराडेश्वराच्या पायथ्यावरून गाडी धावू लागली. १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या लेण्यांवरच्या ग्रंथात शेलारवाडी आली, १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये ती गरोडी या नावानं आली. त्या मंडळींची नजर छिन्नीच्या खुणांवर होती, आणि त्यांचं ते कामच होतं.

लाव्हा कसा वाहिला हे समजायला आणखी शंभर वर्षं गेली. लांबून थर सपाट दिसत, म्हणून बराच काळ समजूत अशी की दख्खनचा लाव्हा पुरासारखा एका दमात मैलोनमैल पसरला. जॉर्ज वॉकर या ज्वालामुखी-शास्त्रज्ञानं १९७० च्या आगेमागे दाखवून दिलं, की दख्खनमधले कितीतरी लोट एकसंध नाहीत. लहान-लहान जिभांनी मिळून ते बनले आहेत. त्यांना संयुक्त लोट म्हणतात. पुढे १९८० च्या दशकात सह्याद्रीच्या थरांचा क्रम लागला. मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी थरांना नेरळ, भीमाशंकर, खंडाळा अशी नावं दिली, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं आपल्या मांडणीत इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड ही नावं घेतली. घोराडेश्वरचं बीळ ज्या थरगटात आहे त्याचं नाव कार्ला. मावळच्या नदी-गावांची नावं अशी पृथ्वीच्या कालपत्रिकेत जाऊन बसली आहेत. शाळेच्या भूगोलात ही गोष्ट इथल्या मुलांना कुणी सांगायला हवी.

२००२ साली पश्चिम दख्खनमधल्या लाव्हानळ्यांवर एक शोधनिबंध आला आणि त्यावर भूवैज्ञानिकांत वादही झाला: ज्याला नळी म्हणायचं ती खरोखर नळी, की नुसती भासणारी रचना? त्याच सुमाराला पुण्यातले निनाद बोंद्रे, रविराज दुरैस्वामी आणि गौरी डोळे हे दख्खनच्या पाहोएहोए लोटांचा बारकाईनं अभ्यास करत होते. दौंडजवळच्या एका लोटात लाव्हानळ्यांची संभाव्य मांडणी त्यांनी २००४ मध्ये नोंदवली. म्हणजे शंका घ्यायची, मोजायचं, पुन्हा मांडायचं, हे काम इथल्याच माणसांनी इथल्याच माळांवर केलं.

त्या वाटेवर पुढे घोराडेश्वर आलं. निखिल पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बिळात उतरून मोजमाप घेतलं. त्या गटात शरद राजगुरू होते. डेक्कन कॉलेजातले हे ज्येष्ठ संशोधक, ज्यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांच्या गाळातून आदिमानवाचा काळ उलगडण्यात आयुष्य घातलं. दगड आणि माणूस यांचा एकत्र विचार करणारा माणूस सोबत असल्यावर, बिळाच्या मोजमापाबरोबर शेजारच्या लेण्यांचा विचार झाला यात नवल नाही. निबंध गुहाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २०१६ साली छापून आला. लाव्हाच्या जिभा, बोटांसारखे तिचे फुटवे, कवचाच्या भेगांतून दाबानं वर आलेले लाव्हाचे कंगोरे, सगळं त्यात टिपलेलं आहे. निष्कर्ष एका वाक्यात मावतो: फुगलेली एक लाव्हाजीभ रिकामी झाली आणि तिच्या कवचाखाली ही लहान गुहा राहिली.

अशा पोकळ्यांचा शोध आता चंद्रावरही चालू आहे. २०११ साली अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी चांद्रयान-१ च्या छायाचित्रांतून चंद्रावरची सुमारे १.७ किलोमीटर लांबीची, न ढासळलेली लाव्हानळी दाखवून दिली. माणसाला तिथे राहायचं झालं तर किरणोत्सारापासून, अशनींपासून आणि दिवस-रात्रीच्या भयंकर तापमानफरकापासून आडोसा अशाच नळीत मिळेल, हा त्यामागचा विचार. शेलारवाडीच्या श्रमणानं पावसापासून आडोसा शोधला, तीच गरज.

घोराडेश्वरला जायला वेगळी तयारी लागत नाही. बेगडेवाडी किंवा घोरावाडीला उतरावं, किंवा परंदवडी-सोमाटण्याकडून जुन्या महामार्गानं यावं, पायथ्याची वाट विचारावी आणि चढावं. दर्शन घ्या, सियगुतणिकेचा लेख शोधा, टाक्यातलं पाणी बघा. मग त्या बिळापाशी या. आत जाण्याचा हट्ट नको, जागा अरुंद आहे. तोंडाशी गुडघ्यावर बसून छताची गोलाई पाहिली तरी पुरे. त्या गोलाईला कुणाचं नाव, रंग किंवा चुलीची काजळी लागलेली असू नये, आणि आत प्लास्टिकची बाटली पडलेली असू नये, एवढं आपल्या हातात आहे. लेण्यांना कायद्याचा, फलकाचा, यात्रेचा थोडाफार आधार मिळतो. या बिळाकडे मात्र कुणी बोट दाखवलं तरच ते दिसतं. मावळातल्या शाळांच्या सहली भाज्या-कार्ल्याला जातातच. त्यातली एखादी शेलारवाडीला वळवावी, आणि मुलांना मोजपट्टी हातात देऊन १०८ सेंटिमीटर मोजायला लावावं.